‘मठ्ठ’ टीव्हीची शिकवणी

आमच्या परिचयाच्या एका माध्यमिक शाळेत देणगीदाखल मिळालेला ३२ इंची टीव्ही आहे. चित्र स्वच्छ, आवाज ठणठणीत, पण तो ‘स्मार्ट’ नाही. म्हणजे इंटरनेटशी त्याचे काही नाते नाही. दुकानदाराने त्याला सरळ ‘मठ्ठ’ ठरवले. (शिक्षकांनी हा शब्द इतक्या सहजी स्वीकारू नये असे आम्हाला वाटते.) विज्ञानाच्या बाईंना त्यावर पेशीविभाजनाच्या चित्रफिती दाखवायच्या होत्या. टीव्ही बदलणे शाळेला परवडणारे नव्हते, तेव्हा दुकानदार म्हणाला, “मग निदान ‘४के’ स्टिक तरी घ्या, साधी घेऊ नका.” बाईंनी आम्हाला विचारले, काय करू?

उत्तर देण्यापूर्वी आम्ही अशा उपकरणांच्या खोक्यांवरचा मजकूर आणि वेळोवेळी छापून येणारी खरेदी-मार्गदर्शने वाचून काढली. आमची तक्रार तिथूनच सुरू होते. सगळीकडे आधी कंपनीचे नाव, मग ‘४के’, मग आवाजावर चालणारा रिमोट. टीव्ही कोणता, खोली केवढी, इंटरनेट कुठून येणार, हे कोणी विचारतच नाही. रोगी न तपासता औषधाचे गुण सांगावेत, तसा हा प्रकार.

‘४के’चेच पाहू. हा हिशेब नववीच्या मुलांकडूनही करून घेता येईल. ३२ इंची पडद्याची रुंदी सुमारे ७१ सेंटिमीटर असते. शाळेतल्या टीव्हीवर आडव्या ओळीत १३६६ चित्रबिंदू आहेत, म्हणजे एक बिंदू साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. निरोगी डोळ्याला दोन बिंदू वेगळे दिसायला त्यांच्यात सुमारे एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढे कोनीय अंतर लागते. अर्ध्या मिलिमीटरचे बिंदू या हिशेबाने पावणेदोन मीटरपर्यंतच वेगळे ओळखता येतात. शेवटचा बाक सहा मीटरवर असेल, तर तिथल्या मुलाला पावणेदोन मिलिमीटरहून बारीक काही दिसणार नाही. त्याच्या दृष्टीने हा पडदा जेमतेम ४०० बिंदूंचा आहे! ‘४के’मध्ये ते ३८४० असतात. पण ते दाखवायला मुळात पडद्यावर असायला हवेत, आणि असते तरी शेवटच्या बाकाला फरक पडला नसता. त्या मुलाला हवी आहेत मोठी अक्षरे.

दुकानदाराचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. ‘४के’ स्टिक साध्या टीव्हीवरही चालते. ती टीव्हीच्या कुवतीप्रमाणे चित्र खाली उतरवून देते. शिवाय तिच्यात प्रोसेसर आणि मेमरी बहुधा सरस असते, त्यामुळे रिमोटचे बटण दाबल्यावर ताटकळावे लागत नाही. हे घेण्याचे खरे कारण असू शकते. पण खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेले असते ते भलतेच.

आता एक कबुली. आमच्या घरची पहिली स्टिक आम्ही टीव्हीच्याच यूएसबी खाचेतून वीज देऊन चालवली. एक तार वाचली याचा आनंद झाला. पण चित्र सुरू होऊन काही मिनिटे गेली की स्टिक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायची. आठवडाभर आम्ही कंपनीला दोष दिला. मग गणित केले. जुन्या पद्धतीची यूएसबी खाच ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर देते, म्हणजे अडीच वॅट. स्टिकबरोबर आलेल्या अ‍ॅडॅप्टरवर लिहिले होते ५ व्होल्ट, १ अँपिअर; म्हणजे ५ वॅट. विज्ञानातली डॉक्टरेट असूनही व्होल्ट गुणिले अँपिअर करायला आम्हाला आठ दिवस लागले. तेव्हा अ‍ॅडॅप्टर खोक्यातलाच वापरावा. पुष्कळदा खोक्यात वीतभर लांबीची एचडीएमआय जोडतारही असते, ती निरुपयोगी समजून फेकू नये. टीव्हीच्या पाठीशी चिकटलेल्या स्टिकला धातूच्या सांगाड्याआडून वाय-फाय पकडावे लागते; तारेने ती थोडी बाजूला आली की अडथळा कमी होतो.

शाळेच्या बाबतीत मात्र खरी अडचण वेगळीच आहे. पुष्कळांची समजूत असते की चित्रफीत फोनवर चालते आणि फोन ती टीव्हीकडे पाठवतो. ‘कास्ट’ या नावाने जे चालते त्यात बहुधा असे होत नाही. फोन फक्त पत्ता सांगतो. चित्रफीत स्टिक स्वतः इंटरनेटवरून आणते. इंटरनेट नसेल तर स्टिक ही नुसती दांडी. शाळेत ब्रॉडबँड नसेल तर बाईंच्या फोनचा हॉटस्पॉट आला. १०८० रेषांच्या चित्राला नेटफ्लिक्स सेकंदाला ५ मेगाबिट वेग सुचवते. तोच धरला, तर ४० मिनिटांच्या तासिकेला दीड जीबी डेटा लागतो. रोज दीड-दोन जीबी देणाऱ्या योजनांत बाईंचा दिवसाचा वाटा एका तासिकेत संपला, आणि तोही स्वखर्चाने. ७२० रेषांवर समाधान मानले तर ०.९ जीबीत भागते, आणि वरच्या हिशेबानुसार शेवटच्या बाकाला फरक कळणार नाही.

खरेदी-मार्गदर्शने ज्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत, अशी एक गोष्ट म्हणजे उपकरणाचे आयुष्य. टीव्हीचा पडदा दहा-बारा वर्षे चालतो. ‘स्मार्ट’ भाग लवकर म्हातारा होतो, कारण त्याचे चालणे दूरच्या कोणाच्या तरी संगणकावर अवलंबून असते. म्हणून साधा टीव्ही आणि बाहेरून जोडलेली स्टिक ही रचना आम्हाला तत्त्वतः शहाणपणाची वाटते. म्हातारा झालेला भागच बदलता येतो. पण स्टिकही अमर नाही. गूगलच्या २०१३च्या पहिल्या क्रोमकास्टचा आधार २०२३ मध्ये थांबला. २०१५च्या दुसऱ्या पिढीची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. ९ मार्च २०२५ रोजी जगभरातली ती उपकरणे एकाएकी ‘कास्ट’ करीनाशी झाली. आतले काहीही बिघडले नव्हते. ती खरी असल्याची ग्वाही देणाऱ्या एका अंकीय प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत त्या दिवशी संपली होती! काही दिवसांत कंपनीने दुरुस्ती पाठवली, पण तोवर ‘फॅक्टरी रिसेट करू नका’ असे तिला लोकांना सांगावे लागले.

या संदर्भात १९७५-७६चा ‘साइट’ प्रयोग आठवतो. त्यातही खेड्यांतल्या साध्या टीव्हीला बाहेरून एक डबा आणि कोंबड्यांच्या जाळीची तीन मीटर व्यासाची अँटेना जोडली होती, आणि उपग्रहाचे कार्यक्रम दिसत होते. संच चालू ठेवण्याची व्यवस्था त्या योजनेचाच भाग होती. आजच्या स्टिकबरोबर तशी व्यवस्था कागदावर किती वर्षांची मिळते, हे दुकानात विचारून पाहावे.

बिनओळखीच्या नावाचे स्वस्त ‘अँड्रॉइड बॉक्स’ आम्ही शाळेच्या उंबऱ्याआत येऊ देणार नाही. एक तर आवश्यक प्रमाणीकरण नसेल तर नेटफ्लिक्ससारख्या सेवा त्यांना कमी प्रतीचेच चित्र देतात. दुसरे म्हणजे, अशा काही उपकरणांत कारखान्यातूनच घातक आज्ञावली भरलेली आढळली आहे. अमेरिकेच्या एफबीआयने जून २०२५ मध्ये ‘बॅडबॉक्स २.०’ या नावाने त्याबद्दल जाहीर इशारा दिला.

नामांकित स्टिकांबद्दलही आमचे एक गाऱ्हाणे आहे. पेशीविभाजन दाखवायला टीव्ही लावावा, तर पहिल्या पानावर चित्रपटांच्या आणि मालिकांच्या जाहिराती. चाळीस मुलांसमोर ते पान उघडण्यापूर्वी चित्रफीत तयार ठेवणे, एवढेच बाईंच्या हाती उरते.

बाईंना आम्ही आधी टीव्हीच्या पाठीमागे पाहायला सांगितले. तिथे एचडीएमआयच्या दोन खाचा होत्या आणि एक यूएसबी. मग स्टिक हवीच कशाला? शाळेच्या लॅपटॉपला एचडीएमआयची तार जोडली की काम झाले. डाउनलोड करायची मुभा असलेल्या फिती पेन ड्राइव्हवर नेल्या तर तीही लागत नाही. मात्र फीत एच.२६४ प्रकारची एमपी४ असावी, जुने टीव्ही त्यानंतरचा एच.२६५ प्रकार बहुधा ओळखत नाहीत. फॅट३२ पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

बाईंनी तार घेतली, चांगली पाच मीटरची. पेशीविभाजनाच्या वेळी मागच्या दोन रांगा पुढे येऊन जमिनीवर बसतात.