क्रिस्तपुराण : चार ओव्यांपलीकडे

आपल्या पाठ्यपुस्तकांना फादर स्टीफन्स ठाऊक आहेत ते मराठीची थोरवी गाणाऱ्या चार ओव्यांपुरते. त्या ओव्या गोड आहेतच. मुलांना चटकन पाठ होतात. परंतु दहा हजारांहून अधिक ओव्यांच्या 'क्रिस्तपुराणा'तून एवढाच प्रसाद वाटायचा, हा रसिकतेचा नव्हे, सोयीचा मामला आहे.

ग्रंथ १६१६ साली रायतूरला रोमी लिपीत छापला गेला. कर्ता जन्माने इंग्रज, पंथाने जेझुइट. जेझुइट हे मठात कोंडून घेणारे साधू नव्हेत; मठवासी म्हणावेत ते जुन्या गोव्याच्या टेकडीवरचे ऑगस्टिनियन. पण त्या काळी पाद्री आपली भाषा शिकत होते, आणि बाहेर देवळे पाडून झाली होती. दिवाडीचा सप्तकोटेश्वर नदी ओलांडून डिचोलीतल्या नार्व्यास आला तो याच वावटळीत. डिचोली १७८१ साली, पेडणे १७८८ साली पोर्तुगिजांकडे गेले, तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता. म्हणून आमच्याकडची पुराणे, कीर्तने टिकली.

हे ध्यानी ठेवून पहिला अवस्वरू वाचावा. एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्री-गुरूला विचारतो, की आमची जुनी पुराणे वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे काही का देत नाही? मला हे सबंध ग्रंथातले सर्वांत जिवंत स्थळ वाटते. पंथाचा प्रचारक लिहितो आहे, तरी हिरावून घेतल्याची ती पोकळी त्याने झाकलेली नाही. आमचे समीक्षक नेमके येथेच पाने उलटतात!

शब्दांचेही तसेच. स्वर्गाला तो बेलाशक 'वैकुंठ' म्हणतो; 'स्पिरितु सांतु' मात्र तसाच ठेवतो. जेथे सिद्धान्ताला धक्का पोचेल तेथे त्याने मराठी शब्दावर भरवसा टाकलेला नाही. भाषेवरचे प्रेम खरे, पण त्याला कुंपण होते.

पुढे १६८४ साली व्हाइसरॉयने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले. १८३५ साली गोव्यातले धर्मसंघ बंद झाले. ऑगस्टिनियनांच्या मनोऱ्याचा अर्धा भाग १९३१ साली कोसळला. 'क्रिस्तपुराणा'च्या तीनही जुन्या आवृत्त्यांची एकही छापील प्रत उरलेली नाही. ग्रंथ राहिला तो भाविकांच्या हस्तलिखितांत. त्यांवरूनच १९०७ साली मंगळूरची आवृत्ती निघाली. मठ, छापखाना, राजसत्ता यांपैकी कोणीही न राखलेले हे पुराण ज्यांनी हाताने उतरवून ठेवले, त्यांना त्यात काय सापडले होते, हे आपल्या टीकाकारांनी अजून नीट विचारलेले नाही.