'दुर्बल' क्रियापदांचे बळ : जर्मानिक रूपव्यवस्था आणि अर्थ

याकोब ग्रिम यांनी 'डॉइच ग्रामाटिक' (१८१९) या ग्रंथाद्वारे जर्मानिक क्रियापदांची 'सबल' व 'दुर्बल' ही विभागणी रूढ केली. धातूतील स्वर पालटून भूतकाळ साधणारे ते सबल. दंत्य प्रत्ययाचा आधार घेणारे ते दुर्बल. या रूपकात एक मूल्यनिर्णय दडलेला आहे. भाषिक सामग्री मात्र त्यास दुजोरा देत नाही.

वुल्फिला यांच्या चौथ्या शतकातील गॉथिक बायबलमध्ये दुर्बल क्रियापदांचे चार वर्ग आढळतात. 'सितन्' (बसणे) यावरून साधलेले 'सत्यन्' (बसवणे) हे पहिल्या वर्गातील प्रयोजक होय. 'फिस्क्स' (मासा) या नामावरून आलेले 'फिस्कोन्' (मासे धरणे) दुसऱ्या वर्गात पडते. तिसऱ्यात 'हबन्' (जवळ असणे) यासारखी स्थितिवाचक क्रियापदे येतात. चौथ्या वर्गातील 'फुल्नन्' (भरून जाणे) हे पहिल्या वर्गातील 'फुल्यन्' (भरणे) याच्या जोडीने वाचावे लागते. वर्गागणिक स्वर बदलतो. भूतकाळाचा दंत्य वर्ण कायम राहतो. अर्थात वर्ग आणि अर्थ यांची सांगड अभेद्य नाही: 'सोक्यन्' (शोधणे) पहिल्या वर्गातील असूनही प्रयोजक नाही. पश्चिम जर्मानिक भाषांत तर चौथा वर्ग जिवंत उरला नाही. प्राचीन नॉर्समध्ये मात्र 'वाक्ना' (जागे होणे) आणि 'वेक्या' (जागे करणे) ही जोडी टिकली.

दंत्य भूतकाळाच्या उगमाविषयी एकमत नाही. गॉथिक बहुवचनातील '-देदुम्' हा अंश 'करणे' या अर्थाच्या, संस्कृत 'धा'शी सजातीय धातूकडे निर्देश करतो. दुसरा पक्ष '-तो-' प्रत्ययान्त कृदन्त पुढे करतो. संस्कृत 'क्त'-कृदन्ताला '-ल-' जोडून मराठीने 'गेला', 'केला' ही रूपे घडवली. त्याने दुसरा पक्ष सिद्ध होत नाही; कृदन्तावर भूतकाळाची व्यवस्था उभी राहू शकते, एवढेच दिसते.

प्रयोजकांतील नाते याहून निकटचे आहे. 'मरणे-मारणे', 'पडणे-पाडणे' या जोड्यांमागील संस्कृत '-अय-' आणि गॉथिक '-य-' यांचे मूळ एकच भारोपीय प्रत्ययात आहे. दोन्हीकडे प्रत्यय झिजला आणि अर्थभेद स्वराने पेलला. इंग्रजीतील 'सिट-सेट', 'फॉल-फेल' या जोड्या त्याच्याच खुणा होत. म्हणजे स्वरभेद हे केवळ सबलांचे लक्षण उरत नाही.

शिवाय नवी क्रियापदे सामावण्याची क्षमता प्रामुख्याने दुर्बल वर्गांतच राहिली. इंग्रजी 'हेल्प'सारखी मूळची सबल क्रियापदेही कालांतराने तिकडे वळली. त्यामुळे ग्रिम यांच्या संज्ञा वापरताना त्या रूपरचनेपुरत्याच मर्यादित ठेवणे आवश्यक ठरते.