'रियोकान'ला धर्मशाळा म्हणावे काय? : 'युकिगुनि'च्या मराठी वाचनातील एक प्रश्न

यासुनारी कावाबाता यांची 'युकिगुनि', म्हणजे 'हिमप्रदेश', ही कादंबरी १९३५ पासून नियतकालिकांतून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. १९३७ मध्ये ती पुस्तकरूपाने आली आणि तिचे आजचे रूप १९४८ मध्ये सिद्ध झाले. १९५६ मधील एडवर्ड सायडेनस्टिकर यांच्या इंग्रजी भाषांतराने तिला जपानबाहेर वाचक मिळवून दिला. ही कादंबरी मराठीत आणू पाहणाऱ्यापुढे पहिली अडचण उभी राहते ती तिच्या स्थळाची. तोक्योचा सुखवस्तू शिमामुरा डोंगराळ, हिमाच्छादित प्रदेशातील उष्णोदकाच्या गावी पुनःपुन्हा येतो आणि तेथील 'रियोकान'मध्ये उतरतो. गावाचे नाव कादंबरीत कोठेही येत नाही. परंतु ते निइगाता प्रांतातील युझावा होय आणि तेथील ताकाहान या रियोकानमध्ये लेखकाचे वास्तव्य होते, हे सर्वश्रुत आहे. या 'रियोकान'ला मराठीत काय म्हणावे? प्रश्न वरकरणी कोशकाराचा दिसतो. वस्तुतः तो समीक्षेचा आहे.

उपलब्ध शब्दांचा विचार करू. 'हॉटेल' म्हणावे, तर जळगाव-धुळ्याकडे हॉटेल म्हणजे प्रथमतः चहा-फराळाचे ठिकाण. मुक्कामासाठी आपण 'लॉज' शोधतो. 'सराई' या शब्दाला खानदेशात इतिहास आहे. बुऱ्हाणपुराहून सुरतेकडे जाणाऱ्या मार्गावर व्यापारी तांडे चालत, त्या काळाचा तो शब्द. परंतु सराई चोराचिलटांपासून रक्षण करते. ती आतिथ्य करीत नाही. उरला 'धर्मशाळा' हा शब्द. तो ऐकण्यास सर्वांत आपला आणि म्हणूनच सर्वांत फसवा आहे. धर्मशाळेच्या मुळाशी कोणाचे तरी पुण्य असते. तेथे उतरणारा दात्याचा ऋणी असतो, गिऱ्हाईक नसतो.

रियोकानमध्ये पाहुणा उंबरठ्याशी पादत्राणे काढतो, घरचा सैल झगा अंगावर घेतो; जेवण त्याच्या खोलीत येते, अंथरूण दुसऱ्याच्या हातांनी घातले जाते, आणि या सर्वांवर 'ओकामि'ची, म्हणजे यजमानीणबाईंची, देखरेख असते. अशी घरे पिढ्यान्‌पिढ्या चालतात. निशियामा येथील केइउन्कान इ. स. ७०५ पासूनची आणि आवाझु येथील होशी ७१८ पासूनची, अशी परंपरा सांगितली जाते. मात्र या साऱ्या आपुलकीला मोल असते आणि ते निघताना चुकते करावयाचे असते. 'धर्मशाळा' म्हटले की मोल नाहीसे होते. 'लॉज' म्हटले की आपुलकी नाहीशी होते. कावाबातांची कादंबरी नेमकी या दोहोंच्या सांध्यावर उभी आहे.

येथे कोणी म्हणेल की भेद शब्दांचा नसून संस्कृतींचा आहे: आमचे ऊन पाण्याचे झरे देवाचे, त्यांचे भोगाचे. हा विरोध सोपा आहे, पण खरा नाही. चोपडे तालुक्यात अडावदजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी असलेले उनपदेव घ्या. तेथील ऊन पाण्याशी शरभंग ऋषींची व रामचंद्रांची आख्यायिका निगडित आहे. उनपदेव नावाचे स्थान शहादे तालुक्यातही आहे. नांदेडकडे उनकेश्वर, कोकणात उन्हवरे व उन्हाळे आहे. या नावांत संस्कृत 'उष्ण', प्राकृत 'उण्ह', मराठी 'ऊन' ही परंपरा स्पष्ट दिसते. (अहिराणीतील 'उना', म्हणजे 'आला', याच्याशी तिचा संबंध जोडण्याचा मोह टाळावा.) परंतु होशीच्या उगमकथेतही एका बौद्ध भिक्षूला झालेला दृष्टान्तच आहे. तेव्हा पावित्र्य दोन्हीकडे आहे. भेद आहे तो मुक्कामाचा. उनपदेवी येणारा सामान्यतः स्नान करतो, दर्शन घेतो आणि परततो. जपानात 'तोजि', म्हणजे उष्णोदकाने करावयाचा उपचार, आठवडे-दोन आठवडे चाले. म्हणून झऱ्याभोवती घर उभे राहिले, आणि घराबरोबर पाहुणा व यजमान यांचे नातेही.

हे नाते कादंबरीत किती खोलवर गेले आहे, हे एका तपशिलावरून ध्यानात येते. शिमामुरा दुसऱ्यांदा येतो तेव्हा कोमाको ही गेइशा बोटे मोजून सांगते की मधे १९९ दिवस गेले. पाहुणा आपल्या मुक्कामाच्या रात्री मोजतो. मागे राहणारी त्याच्या अनुपस्थितीचे दिवस मोजते. 'अतिथी' म्हणजे ज्याला तिथी नाही तो, अशी फोड आपली परंपरा करते. भाषाशास्त्र तो शब्द 'अत्', म्हणजे जाणे, या धातूकडे नेते. शिमामुराला दोन्ही अर्थ लागू पडतात. परंतु त्याला तिथी नसली तरी कोमाकोला ती आहे, आणि कादंबरीचे दुःख एवढ्याच विषमतेतून जन्मते. धर्मशाळेत ही विषमता संभवत नाही, कारण तेथे वाट पाहणारे कोणी नसते.

म्हणून प्रस्तुत लेखकाच्या मते 'रियोकान' हा शब्द मराठीत तसाच ठेवावा. प्रभाकर पाध्ये यांनी आपल्या जपानविषयक पुस्तकाला 'तोकोनोमा' हेच नाव दिले, हा दाखला आपल्यापुढे आहे. याउलट झऱ्यासाठी परका शब्द नको; तेथे कोकणातले 'उन्हाळे' चालेल. जपानीत थंड पाण्याला 'मिझु' आणि ऊन पाण्याला 'यु' असे स्वतंत्र शब्द आहेत. आपणही गुळवणी, आंबवणी यांच्या धर्तीवर 'उन्हवणी' म्हटले, तर ते मराठीच्या प्रकृतीस परके वाटू नये.

मात्र एक सावधगिरी हवी. शिमामुरा हा पाश्चात्य बॅलेवर लेख लिहितो आणि त्याने बॅले कधी पाहिलेला नसतो. न पाहिल्यामुळेच तो त्याला रम्य वाटतो. 'रियोकान' हा शब्द केवळ त्याच्या परकेपणाच्या गोडीसाठी जपला, तर आपले वाचन शिमामुराच्या जातीचे होईल. शब्द परका राहिला तरी त्यातील हिशेब, म्हणजे कोण जातो, कोण राहते आणि मोल कोण देते, मराठी वाचकाला कळलाच पाहिजे. भाषांतरकाराची कसोटी तेथे आहे.