खमीर आणि पीठ

सकाळी फिरायला जाणाऱ्या माणसाला घरी परतेपर्यंत दोन गोष्टींची भूक लागते. एक न्याहारीची आणि दुसरी बोध करण्याची. पहिली घरात भागते, दुसरी मासिकांच्या पानांवर येऊन पडते. आमच्या सोलापुरात सिद्धेश्वर तलावाच्या काठाने पहाटे फिरणाऱ्यांची वाण नाही आणि त्यांच्यात चिंतनिका लिहिणारेही आहेत. पाण्यावर ऊन चमकले की जीवन क्षणभंगुर. पान गळले की देहाचेही तसेच. वाचताना बरे वाटते, पण दुपारी काय वाचले ते आठवत नाही. असे का व्हावे?

याचे उत्तर मला ख्रिस्ती वाङ्मयात सापडते, कारण रोजच्या व्यवहारातून ईश्वराकडे जाणारी वाट तिथे मुळापासून आहे. येशूचे दाखलेच पाहा ना. पिठात खमीर मिसळणारी बाई, दहा नाण्यांतले एक हरवले म्हणून दिवा लावून घर झाडणारी बाई, खडकावर आणि काट्यांतही बी सांडणारा पेरणारा. या गोष्टींत पीठ हे आधी पीठ असते; ते तीन मापे होते, हेही सांगितलेले असते. नाणे सापडल्यावर ती बाई शेजारणींना बोलावते, हा तर आपल्याच आळीतला प्रसंग! बोध मागाहून येतो. आमच्या चिंतनिकेत याच्या उलट घडते. बोध घरातून निघतानाच खिशात असतो. वाटेत त्याला टांगायला एखादी खुंटी तेवढी शोधायची असते.

मराठीत या वाटेचे पहिले मोठे प्रवासी फादर स्टीफन्स. १६१६ साली गोव्यात छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त त्यांनी ख्रिस्तकथेला ओवीचे वस्त्र नेसवले. पुढे १८९५ साली ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण वामन टिळक तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो असे सांगत. त्यांना फुलामुलांचे कवी म्हणतात ते सार्थच आहे. पण भीत भीत एक गोष्ट लिहितो. टिळकांच्याही काही कवितांत फुलाआधी उपदेश उमलतो.

ही चूक ज्यांच्या हातून झाली नाही त्या त्यांच्या पत्नी, लक्ष्मीबाई. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. त्यांत धर्माची चर्चा शोधू गेलात तर फारशी हाती लागत नाही. हाती लागतो तो संसार. सोवळ्याने झपाटलेले वडील, हातात आलेला पैसा दुसऱ्याला देऊन मोकळे होणारे यजमान, आणि या दोघांकडे पाहून हसू शकणारी बाई! पतीच्या धर्मांतरानंतर वियोगाचे दिवस त्यांनी आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात काढले. पुढे त्या पतीकडे आल्या, तरी स्वयंपाक नि पाणी वेगळे राहिले. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांना एखाद्या प्रवचनात पडला नाही. कोणाच्या हातचे पाणी प्यायचे, या रोजच्या अडचणीतून तो पुढे आला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोवर त्यांची अर्धी लढाई घागरीपाशीच लढून झाली होती. म्हणून ती आपल्याला पटते. वाचक कोणत्याही धर्माचा असो, पाण्याची घागर त्याच्या घरात असतेच.

हा गुण एकाच धर्माच्या मालकीचा आहे, असे मात्र कोणी समजू नये. माढा तालुक्यातल्या अरणच्या सावता माळ्यांनी आपल्या मळ्यातच विठ्ठल पाहिला. पण त्यासाठी त्यांनी मळा शिंपणे सोडले नाही. २०२० साली शेजारच्या उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले आणि २०२४ साली निवर्तलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची गोष्टही अशीच. त्यांनी निसर्गावर चिंतन केले, तसे वसईच्या हिरवाईसाठी रस्त्यावर उतरून आंदोलनही केले. झाड त्यांना केवळ उपमेपुरते लागत नव्हते.

हे सारे मी मांडतो आहे ते एका शिक्षकाच्या काळजीने. ‘सकाळचा फेरफटका’ हा निबंध दिला की माझ्या वर्गातली मुले निसर्ग हा आपला गुरू आहे, असे न चुकता लिहितात. त्याच सकाळी त्यांपैकी कित्येकांच्या आया रात्रभर वळलेल्या विड्या घेऊन कारखान्याकडे निघालेल्या असतात. पूर्व भागात मागांचा खडखडाट चालू असतो. निबंधात मात्र ना आई असते, ना माग. आणि असलाच तर धोट्यात जीवनाचे सूत्र असते. तो धोटा चालवणाऱ्याचा दुखरा खांदा नसतो. डोळ्यांदेखत गेलेले माणूस न दिसण्याची ही सवय आम्ही मोठ्यांनीच आमच्या चिंतनिकांतून मुलांना लावली. ज्या धर्मविचारात शेजाऱ्यावरील प्रेम ही मोठी आज्ञा आहे, त्याच्या नावाने लिहिताना तरी शेजारी गाळून कसे चालेल?

असो. दिवाळीच्या सुट्टीत फराळ उरकल्यावर ‘स्मृतिचित्रे’ची चार पाने घरात मोठ्याने वाचून पाहा. आजी हसेल तिथे थोडे थांबा, आणि मग ती आपली कोणती आठवण सांगते तेही ऐका.