‘भूदृश्य’ आणि ‘देवराई’ : सह्याद्रीविषयक दोन अहवालांच्या परिभाषेची चिकित्सा

गुजरातपासून तामिळनाडूपर्यंत सहा राज्यांत विभागलेल्या सह्याद्रीचे रक्षण या राज्यांनी मिळून कसे करावे, या प्रश्नावर केंद्र शासनाला दोन अहवाल सादर झाले : डॉ. माधव गाडगीळ समितीचा २०११ साली व डॉ. कस्तुरीरंगन कार्यगटाचा २०१३ साली. त्यांच्या शिफारशींवर वाद पुष्कळ झाला. परिभाषेची चिकित्सा त्या मानाने थोडीच झाली.

कस्तुरीरंगन अहवाल या पर्वतप्रदेशाचे ‘नैसर्गिक’ व ‘सांस्कृतिक’ अशा दोन भूदृश्यांत विभाजन करतो. शेती, वस्ती, लागवड हे सांस्कृतिक. उरलेले रान नैसर्गिक. सुमारे ६० टक्के प्रदेश सांस्कृतिक ठरतो आणि संरक्षणाची शिफारस एकूण क्षेत्राच्या सुमारे ३७ टक्क्यांपुरती उरते. या विभागणीचा मुख्य आधार उपग्रहचित्रांचा आहे. उपग्रहाला झाडी दिसते. ती कोणी आणि कशासाठी राखली, हे दिसत नाही.

मुळशी तालुक्यात ताम्हिणीजवळ विंझाईची देवराई आहे. ती कोणत्या सदरात घालावी? ‘राई’ म्हणजे दाट झाडी. ती देवाची म्हणून तोडावयाची नाही. निसर्ग आणि संस्कृती या एकाच सामासिक शब्दात अशा एकवटल्या आहेत की, विग्रह केला तर वस्तूच नाहीशी व्हावी. कोडगूत हिलाच ‘देवरकाडु’ म्हणतात, तमिळमध्ये ‘कोविल काडु’, तर मल्याळममधील ‘कावु’ या शब्दाला देवाचे नाव जोडण्याचीही गरज भासत नाही. भाषाकुले दोन, संकेत एकच. आणि तो कोणत्याही आंतरराज्य समितीने ठरवून दिलेला नाही! सहा राज्यांच्या सहकार्याला आधारभूत ठरू शकेल अशी ही परिभाषा हाताशी असता ‘भूदृश्या’च्या द्वैताचा आश्रय का घ्यावा, याचे समर्थन अहवालातून मिळत नाही.

गाडगीळ अहवालही निर्दोष नव्हे. त्याने तालुका हे एकक मानले. मुळशी तालुका घाटमाथ्यावर संपतो. खालचा कोकणउतार रायगड जिल्ह्यात मोडतो. पाण्याला मात्र ही हद्द कधी आड आली नाही. ज्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला, त्याचे पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजगृहात जाते. विजेसाठी डोंगराच्या दोन्ही बाजू एक मानता आल्या, रक्षणासाठी त्या दोन राहिल्या. तथापि तालुक्याची सीमा तात्पुरती असून अंतिम मर्यादा ग्रामसभांच्या विचाराने ठराव्यात, ही गाडगीळ समितीची भूमिका या दोषाचे बरेच निवारण करते. शिवाय सहाही राज्यांसाठी एक वैधानिक प्राधिकरण तिने सुचविले होते. कस्तुरीरंगन कार्यगटाने प्रचलित यंत्रणाच बळकट करणे पसंत केले. सहकार्याचा प्रश्न त्यामुळे जेथल्या तेथे राहिला.

२०१४ ते २०२४ या अवधीत केंद्र शासनाने सहा मसुदा-अधिसूचना काढल्या. त्यांतील एकक गाव हे आहे. गावाच्या शिवारातील कोणते रान कोणाच्या नावाने राखले आहे, याची नोंद करण्यास त्या परिभाषेत शब्द नाही.