रविवार संपल्यावर

ज्याँ रेन्वारची ‘पार्ती द कांपान्य’ जेमतेम ४० मिनिटांची. मोपासाँच्या कथेवरची ही फिल्म १९३६मध्ये चित्रित झाली, अर्धवट राहिली आणि १९४६मध्ये प्रदर्शित झाली. पॅरिसमधला दुकानदार एका दिवसासाठी कुटुंबाला घेऊन नदीकाठी येतो. झोपाळा, गवतावर जेवण, होडी. मुलगी आंरिएत झाडं-किडे पाहून हळवी होते, आंरी नावाच्या तरुणाबरोबर होडीतून जाते. मग पाऊस. कॅमेरा थेंबांनी टोचलेल्या नदीवरून सरकत राहतो आणि मधली वर्षं निघून जातात. तिचं लग्न दुकानातल्या नोकराशी झालंय. आंरी अजून त्याच दुपारी अडकलाय. बाहेरच्या एका दिवसाने उरलेला आठवडा किती अरुंद आहे ते दिसतं. आपल्या वीकेंडच्या रील्समधून नेमका हाच सोमवार कापलेला असतो. रेन्वार तो ठेवतो.