‘टाइमपास आहे’ म्हणजे नेमकं काय?

सिनेमा संपतो, दिवे लागतात आणि जिना उतरता उतरता कोणीतरी फोनवर निकाल देऊन टाकतं : ‘‘काही नाही, टाइमपास आहे.’’ चाळीसगाव असो, धुळे असो की पुणे, हा निकाल सगळीकडे सारखाच. त्याची भावंडंही ठरलेली. ‘पैसा वसूल.’ ‘डोकं बाजूला ठेवून बघा.’ ‘एक नंबर भो, फक्त लॉजिक मागू नको.’ अवकाशात घडणारा, विनोदी, सुपरहिरोंचा सिनेमा असेल तर याहून वेगळं काही त्याच्या वाट्याला येतच नाही.

या शब्दावर माझा राग नाही. मला फक्त त्याचा अर्थ हवा आहे. कारण ‘टाइमपास’ म्हणणारी हीच मंडळी तो सिनेमा तिसऱ्यांदा बघत असतात, त्यातल्या एका झाडाचं चित्र मोबाइलच्या कव्हरवर मिरवत असतात आणि ‘तो सीन’ आला की गप्प होतात. ज्यात नुसता वेळ गेला, त्याच्याकडे माणूस परत परत का जाईल?

उदाहरण म्हणून ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’ घेऊ. जेम्स गन दिग्दर्शित हा सिनेमा ऑगस्ट २०१४ मध्ये आला. तोवर मार्व्हलच्या आयर्न मॅनला, थॉरला लोक ओळखत होते, या टोळीला फारसं कोणी ओळखत नव्हतं. एक भुरटा चोर, एक मारेकरीण, बायको-मुलगी गमावलेला एक पहिलवान, बोलणारा रॅकून आणि तीनच शब्द बोलता येणारं झाड. तरी सिनेमानं जगभरात ७७ कोटी डॉलरहून जास्त कमाई केली. योगायोग असा की, त्याच वर्षी जानेवारीत आपल्याकडे रवी जाधवांचा ‘टाइमपास’ आला होता. ज्या प्रेमाला बाकीचे टाइमपास समजतात, ते करणाऱ्यांसाठी जिवावरचं असतं, ही त्याची गोष्ट. म्हणजे या शब्दात काहीतरी लपलेलं असतं, हे मराठी प्रेक्षकाला तेव्हाही माहीत होतं.

‘गार्डियन्स’ची सुरुवात आठवून बघा. १९८८ साल. अमेरिकेतलं एक हॉस्पिटल. बाहेर बाकावर कानाला वॉकमन लावून बसलेला एक पोरगा. आत त्याची आई शेवटचे श्वास मोजते आहे. ती हात पुढे करते. पोरगा घाबरतो, मान फिरवतो, हात धरत नाही. आई जाते. तो रडत बाहेर पळतो आणि आकाशातून आलेलं एक यान त्याला उचलून नेतं. त्यानंतर पडद्यावर थेट सव्वीस वर्षांनंतरचा काळ येतो आणि तोच पोरगा, आता बाप्या झालेला, एका उजाड ग्रहावर वॉकमनच्या गाण्यावर नाचतो, पायाखालच्या सरड्यासारख्या जनावराला उचलून माइक करतो. थिएटर हसतं.

हा नाच निव्वळ गंमत म्हणून आवडला, असं आपण म्हणतो. पण दोन मिनिटांपूर्वीचं हॉस्पिटल काढून टाकलं, तर तोच नाच कुठल्याही लग्नातल्या नाचासारखा वाटेल. आपण हसतो, कारण तो माणूस ज्या कॅसेटवर नाचतोय, ती त्याच्या आईची आहे. ती गाणी बहुतेक सत्तरीतली इंग्रजी. खान्देशातल्या पोरांनी ती आधी ऐकलेली असण्याचा संबंध नाही. तरी अडत नाही. कॅसेट कोणी दिली आणि ती जपून का ठेवली, एवढं कळलं की गाणं कळायची गरज उरत नाही.

शेवटाकडे तेच. खलनायकासमोर हा बाबा चक्क नाचाचं आव्हान देतो. हशा पिकतो. आणि लगेच पुढच्या क्षणी, हातातल्या विनाशकारी रत्नाच्या ताकदीनं तो फाटत असताना, सोबतीण हात पुढे करते. त्याला तिच्या जागी आई दिसते. या वेळी तो हात धरतो. सगळा सिनेमा त्या न धरलेल्या हातापासून या धरलेल्या हातापर्यंतचा आहे. मधलं अवकाश, मारामारी, टवाळक्या हा सगळा रस्ता.

यात प्रेक्षकाचा मोठेपणा असा की, त्याला हे कळतं. रॉकेट नावाचा तो रॅकून घ्या. रॅकून आपल्याकडे नसतो, म्हणून त्याला कोणी मुंगूस म्हणतं, कोणी कोल्हा. पण झाडाची उरलेली काटकी पोटाशी धरून तो रडतो, तेव्हा त्याला कोणी मुंगूस म्हणत नाही. हिंदी डबिंगमध्ये अर्धे विनोद इकडचे तिकडे झालेले असतात, आणि तरी ती काटकी शाबूत पोचते. बाहेर आल्यावर मात्र हे कोणी सांगत नाही. रडलो म्हणायला लाज वाटते, ‘टाइमपास’ म्हणायला वाटत नाही. हा शब्द पुष्कळदा झाकण म्हणून वापरला जातो.

अवकाशाच्या सिनेमाची आणखी एक गोष्ट छोट्या गावातल्या प्रेक्षकाला मानवते. हिंदी सिनेमात मुंबईचा समुद्र येतो, लंडनचे रस्ते येतात, आणि ते कोणाच्या तरी ओळखीचे असतात. आपण मात्र पाहुणे. झँडार हा ग्रह न्यूयॉर्कच्या पोरालाही तितकाच परका आणि चाळीसगावच्या पोरालाही. तिथे कोणीच गाववाला नसतो. आणि तसं पाहिलं तर आकाश हा विषय आपल्या तालुक्याला परका कधी होता? भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवानं, चांगदेवानं काढलेल्या मठाची नोंद पाटण्याच्या तेराव्या शतकातल्या शिलालेखात आहे, आणि पाटणे चाळीसगावपासून हाकेच्या अंतरावर.

आता उलट बाजू. २०१९ मध्ये मार्टिन स्कॉर्सेसी म्हणाले की, मार्व्हलचे सिनेमे त्यांना थीम पार्कसारखे वाटतात, तो सिनेमा नव्हे. त्यावर चाहते चिडले. पण प्रेक्षकांनी स्वतःच पुढे हा भेद केला, स्कॉर्सेसींचं नाव न घेता. २०१७ चा ‘थॉर : रॅग्नारॉक’ लोकांनी डोक्यावर घेतला. त्याच दिग्दर्शकाचा, ताइका वाइटिटीचा, ‘थॉर : लव्ह अँड थंडर’ २०२२ मध्ये आला, आणि त्याच लोकांनी तोंड वाकडं केलं. विनोद कमी नव्हते, उलट जास्त होते. किंचाळणारी बोकडं होती. पण या सिनेमात नायकाची प्रेयसी जेन कर्करोगानं मरायला टेकली आहे, आणि तिचं दुखणं पडद्यावर जरा थांबू लागलं की कोणीतरी विनोद करून ते उठवून लावतं. ‘गार्डियन्स’मधला विनोद दुःखाला सोबत घेऊन चालतो. इथला विनोद दुःख दिसलं की रस्ता ओलांडून पलीकडे जातो. ‘जरा अतिच केलंय’ एवढ्या तीन शब्दांत लोकांनी ही समीक्षा करून टाकली. चार पानं लिहून आम्हालाही याहून वेगळं काही सांगता आलं नसतं.

हलका सिनेमा म्हणजे ज्याला वजन नाही तो, अशी आपली समजूत आहे. पाठीवर पोतं घेऊन सहज चालणारा हमाल बघितला की पोतं हलकं असेल असं वाटतं. ते हलकं नसतं. त्याला उचलायची सवय असते. चांगला हलका सिनेमा त्या हमालासारखा असतो.

आणि हे आपल्याला मार्व्हलनं शिकवलेलं नाही. महेश कोठारेंच्या ‘धडाकेबाज’नं १९९० मध्येच बाटलीतला गंगाराम आणि कवट्या महाकाळ यांना एका सिनेमात बसवलं होतं, आणि महाराष्ट्रानं विज्ञानाचा दाखला न मागता ते मान्य केलं. पण परग्रहावरून आलेल्या महानायकाला हसत हसत आपल्या मातीत उतरवण्याचं खरं काम झालं ते चाळीसगावहून दीड-दोन तासांवर, मालेगावात.

मालेगाव यंत्रमागांचं गाव. शुक्रवारी माग बंद असतात, आणि सुट्टीचा तो दिवस कामगारांचा सिनेमाचा दिवस. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेखनं मित्रांना घेऊन थोडक्या पैशांत ‘मालेगाव के शोले’ बनवला आणि तो गावात तुफान चालला. पुढे या मंडळींनी ‘मालेगाव का सुपरमॅन’ करायला घेतला. त्या धडपडीवर फैझा अहमद खान यांनी २००८ मध्ये ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. सुपरमॅन झाला शफीक, यंत्रमागावर काम करणारा, काडीसारखा किडकिडीत माणूस. उडण्याच्या दृश्यांसाठी हिरवं कापड लावलेलं, खलनायक असा की त्याला गावातली घाण प्रिय आणि तंबाखू हा त्याचा धंदा.

हा माहितीपट बघताना दोन तऱ्हेचं हसू ऐकू येतं, आणि माझ्या लेखी सगळा मुद्दा इथे आहे. एक हसू शहरातल्या एसी थिएटरमधलं : किती गोड आहेत ही माणसं, काय त्यांचा तो सुपरमॅन! दुसरं हसू मालेगावातलं. तिथला प्रेक्षक शफीकच्या बरगड्यांना हसतो, पण त्या बरगड्या त्याच्या स्वतःच्याही आहेत. धूळ, गटार, तंबाखूची पुडी, सगळं त्याच्या दाराशी आहे. क्रिप्टॉनहून आलेला माणूसही या धुळीत धापा टाकणारच, हे त्याला माहीत आहे. पहिलं हसू वरून खाली पडतं, दुसरं शेजारून येतं. आणि हे गाव बाकी देशाला त्या काळात कशासाठी माहीत होतं? सप्टेंबर २००६ आणि सप्टेंबर २००८ च्या बॉम्बस्फोटांसाठी. त्या दोन तारखांच्या मधल्या काळात इथली माणसं सुपरमॅनला उडवण्याच्या खटपटीत होती. याला टाइमपास म्हणायचं असेल तर जरूर म्हणा, पण मग त्या शब्दाची किंमत वाढवून म्हणा.

शफीक २०११ मध्ये तोंडाच्या कर्करोगानं वारला. माहितीपट भारतातल्या थिएटरांत लागला तो २०१२ मध्ये. म्हणजे तिकीट काढून जे हसले, ते तंबाखूच्या खलनायकाशी लढणाऱ्या, आणि आता हयात नसलेल्या माणसाकडे बघून हसत होते. हे माहीत झाल्यावर तो सिनेमा कमी विनोदी होत नाही. शफीक उडतो तेव्हा मी अजूनही हसतो. फक्त ते हसू आता लवकर संपत नाही.

रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ (२०२५) याच गोष्टीवर बेतलेला. आदर्श गौरव, विनीत कुमार सिंह आणि शशांक अरोरा तिघांची कामं उत्तम, समीक्षकांनी वाखाणलेली. माझी तक्रार एकच. या सिनेमात शफीकचं आजारपण आधी येतं आणि मग दुरावलेले मित्र त्याच्यासाठी सुपरमॅन बनवतात. प्रत्यक्षात आधी गंमत होती. मरण नंतर आलं. हा क्रम फिरवल्यामुळे हशाला कारण मिळतं : मित्र मरतोय, म्हणून सिनेमा. डोळे भरून येतात, माझेही आले. पण मालेगावच्या पोरांना सिनेमा करायला मरणाचं कारण लागलं नव्हतं. त्यांना तो करावासा वाटला, एवढंच. गरिबाच्या गमतीमागे काहीतरी करुण असल्याशिवाय ती पडद्यावर शोभत नाही, असं मोठ्या सिनेमाला वाटतं. अमेरिकेतल्या स्टार-लॉर्डला नाचायची मोकळीक आहे. मालेगावच्या सुपरमॅनला नाचण्याआधी आजारी पडावं लागतं.

आज ही परंपरा फोनवर आली आहे. मालेगावच्याच ‘छोटू दादा’चे व्हिडिओ कोट्यवधी लोक बघतात, आणि त्यांना मिळणारा निकालही तोच, टाइमपास. त्यातले सगळे चांगले नाहीत; बुटक्या माणसाला नुसतं आपटायचं आणि हसायचं, असेही बरेच आहेत. म्हणूनच भेद करायला शिकलं पाहिजे, आणि त्यासाठी समीक्षकाची गरज नाही. हसलात की स्वतःला एवढंच विचारा : मी या माणसाच्या शेजारी बसून हसलो की वरच्या गॅलरीतून? आणि मध्येच गप्प झालो ते कुठे?

पुढच्या वेळी मित्राला फोनवर ‘टाइमपास आहे’ म्हणाल, तेव्हा त्यात एक वाक्य वाढवा. ‘पण ती काटकी रडवून गेली रे’, असं काहीही चालेल. त्या एका वाक्यानं मित्राला सिनेमाबद्दल जास्त कळेल, आणि थोडं तुमच्याबद्दलही.